गरज कोणती आणि भीड कोणती?

काटकसर हा सद्गुण आहे, ह्याविषयी आजवर कोणी वाद घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आईबाप मुलांस हाच उपदेश करतात, शाळेच्या पुस्तकांतून हाच धडा असतो, व्यासपीठावरूनही हेच सांगितले जाते; आणि ज्याच्या हातून पैसा पाण्यासारखा वाहतो, तोसुद्धा हा उपदेश ऐकून मान डोलवितो. परंतु ज्या गोष्टीस सगळेच मान डोलवितात, तिचा विचार बहुधा कोणीच करीत नाही. 'अनावश्यक खर्च टाळावा' असे म्हणणे सोपे आहे. अनावश्यक म्हणजे कोणता, आणि ते ठरवावयाचे कोणी, असे विचारले म्हणजे मात्र उत्तर सुचत नाही. शेजाऱ्याची चैन आपणांस दुरून दिसते. आपली स्वतःची चैन आपणांस गरजच वाटते. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. गरिबास काटकसर शिकविणाऱ्याने फार जपून बोलावे. ह्याविषयी आपल्याच प्रांताच्या इतिहासात एक दाखला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे ह्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, आणि त्यांच्या वह्या व कर्जरोखे हिसकावून जाळून टाकले. हे लोण पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्या काळी अनेक शहाण्या व खुर्चीवर बसलेल्या लोकांचे मत असे होते की, कुणबी लग्नकार्यांत पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने खेड्यांत चौकशी केली, तेव्हा त्यास निराळेच आढळले. लग्ने व सण ह्यांवरील खर्चास कर्जाचे कारण म्हणून नको तितके महत्त्व देण्यात आले आहे. तो खर्च ऐपतीच्या मानाने अधिक असतो खरा, परंतु असे प्रसंग क्वचितच येतात, आणि कर्जाचे मूळ केवळ त्यात सापडत नाही, असा त्याचा अभिप्राय पडला.

मग मूळ कोठे होते? अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडचा कापूस विलायतेस जाईना. म्हणून इकडच्या कापसास मोठा भाव आला, आणि सावकार शेतकऱ्यास सहज कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव उतरला आणि सावकाराचा हात आखडला. इकडे सरकारने शेतसारा मात्र वाढवून ठेविला होता. पाऊस आपल्या हाती नाही, भाव आपल्या हाती नाही, साराही आपल्या हाती नाही, अशा कात्रीत शेतकरी सापडला. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला, तो ह्याच कारणाने.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ज्याचे पीक वाळले, ज्याच्या घरी दुखणे आले, ज्याच्या कष्टास रास्त मोल मिळाले नाही, त्यास 'तू उधळ्या आहेस म्हणून दरिद्री आहेस' असे म्हणणे हा उपदेश नव्हे. ती जखमेवर मिठाची चिमूट होय. काटकसरीने दारिद्र्य नाहीसे होते, असे आम्ही म्हणत नाही. न्याय्य मजुरी, पाणी, औषधपाणी आणि शाळा ह्यांचे काम काटकसर करू शकत नाही. मग ती काय करू शकते? आमचे उत्तर इतकेच आहे की, ती मनुष्यास दुसऱ्याच्या दारी जाऊन उभे राहण्यापासून पुष्कळ वेळा वाचविते. ती श्रीमंत करीत नाही, परंतु मोकळे ठेविते. आणि ज्याच्यापाशी थोडेच आहे, त्यास मोकळेपणाहून मोठे धन दुसरे कोणते?

हे नीट समजण्यासाठी थोडा हिशेब मांडून पाहू. २०२५-२६ ह्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसास ३१२ रुपये होती. आपण वस्तूची किंमत रुपयांत मोजतो, म्हणून ती हलकी वाटते. ती दिवसांत मोजावी, म्हणजे तिचे खरे वजन कळते. पंधरा हजार सहाशे रुपयांचा मोबाईल म्हणजे उन्हातल्या कामाचे पन्नास दिवस. नाक्यावरचा चहा आणि तंबाखूची पुडी ह्यांवर रोज तीस रुपये गेले, तर वर्षास दहा हजार नऊशे पन्नास रुपये होतात. म्हणजे वर्षातले पस्तीस दिवस मनुष्य त्या चहापुडीसाठीच राबला. लग्नासाठी दोन लाख काढले, तर सहाशे चाळीस दिवसांहून अधिक मजुरी, आणि तीही मधल्या काळात घरात कोणी घासभर खाल्ले नाही असे धरून!

हे दोन लाख जर खाजगी सावकाराकडून महिना शेकडा तीन दराने आणले असतील, तर महिन्याचे व्याजच सहा हजार झाले. सहा हजार म्हणजे एकोणीस दिवसांची मजुरी. तेव्हा त्या घरातील एक मनुष्य महिन्यातले एकोणीस दिवस केवळ व्याजासाठी खपेल, आणि मुद्दल जागच्या जागी राहील. जर ते व्याज चुकले आणि महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिळविले गेले, तर दोन वर्षांत कर्ज दुप्पट होते. परवाना न घेता सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु ज्यास मांडवाच्या आदल्या दिवशी पैसा हवा असतो, तो परवाना पाहावयास थांबत नाही. सुप्यास वह्या जाळाव्या लागल्या, त्या काळी कर्ज वहीत लिहिले जात असे. आता ते मोबाईलवर बोट टेकविल्याने मिळते आणि हप्त्याच्या गोड नावाने घरात शिरते. नाव बदलले, व्याज बदलले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अनावश्यक म्हणजे काय? कित्येकांचे मत असे की, ज्यावाचून जीव जगतो ते सर्व अनावश्यक. हे मत ऐकावयास कडक आणि पवित्र वाटते, परंतु ते खरे नाही. ज्यावाचून जीव जगत नाही अशी वस्तू शोधू गेल्यास भाकर, पाणी, अंगावर वस्त्र आणि डोक्यावर छप्पर इतकेच उरते. मग सासरी नांदत असलेल्या बहिणीस भेटावयास जाण्याचे भाडे अनावश्यक ठरेल; सणास मुलांसाठी केलेला गोड घास अनावश्यक ठरेल; मुलीस आणलेली चित्रांची वही, म्हाताऱ्या आईच्या पाठीस लावण्याचे तेल, दारातील तुळशीसारखे किंवा गुलाबासारखे एखादे झाड, हे सर्व अनावश्यक ठरेल. असे घर कर्जमुक्त राहील कदाचित. परंतु त्यात राहावेसे कोणास वाटेल?

बेथानी गावच्या भोजनाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. एका स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा जवळ बसलेल्यांनी लगेच हिशेब केला की, ह्याचे तीनशे दीनारांहून अधिक आले असते, आणि ते गरिबांस देता आले असते. त्या काळी दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे त्यांनीही किंमत दिवसांतच मोजली, आणि हिशेबात त्यांची चूक नव्हती. तरी प्रभूने त्या स्त्रीस दोष दिला नाही. कारण ते तेल तिचे होते, ते कोणाकडून उसने आणलेले नव्हते, आणि ते तिने दिपवावयास नव्हे तर प्रीतीने ओतले. ह्यावरून आम्हांस असे दिसते की, प्रीतीने व आनंदाने केलेला, आपल्या कष्टाचा खर्च अनावश्यक नव्हे. दिवस मोजावे हे खरे. पण दिवस मोजल्यानंतर ते कोणाच्या चरणी वाहिले, हेही पाहावे.

तर मग खर्च तीन प्रकारचे आहेत, असे आम्ही म्हणू. एक गरजेचा, दुसरा आनंदाचा, आणि तिसरा भिडेचा. पहिला करावाच लागतो. दुसरा ऐपतीप्रमाणे करावा. आणि तिसरा तोच खरा अनावश्यक. त्याची ओळख पटविण्यास एक साधा प्रश्न पुरतो: 'कोणीही पाहणार नसते, तर हे मी घेतले असते काय?' मुलाच्या तापावरचे औषध कोणी पाहो न पाहो, आपण घेतोच. नातवास आणलेले खेळणे कोणी न पाहिले तरी आजोबा आणतातच. परंतु चौकात लावलेला फोटोंचा फलक, वरातीचा कानठळ्या बसविणारा डीजे, हजार पाहुण्यांची पंगत, पाहुण्यांस वाटलेले टॉवेल-टोप्या आणि साड्यांचे गठ्ठे, ह्यांतील कोणती गोष्ट नवरा-नवरीने एकट्याने पाहावयास केली असती? त्यांपैकी बहुतेक सारे 'लोक काय म्हणतील' ह्या एका वाक्याने विकत घेतलेले असते. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ह्याविषयी स्वतःस निराळे समजू नये. हुंडा आणि मानपान टाकून दिले असे आपण म्हणतो. परंतु शहरातून आणविलेला तीन मजली केक, एकदाच अंगावर घालावयाचा पांढरा झगा, आणि नाताळास घरातील प्रत्येकास नवे कापड पाहिजेच हा हट्ट, ह्यांच्या मुळाशी आनंद किती आणि भीड किती, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे.

संत गाडगे महाराज (१८७६-१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडले. लग्नासाठी कर्ज काढू नका, हा त्यांच्या कीर्तनांतील नित्याचा विषय असे. लोक त्यांचे ऐकून हसत, रडत, आणि घरी जाऊन पुष्कळदा पुन्हा कर्ज काढीत. असे का होते? लोक मूर्ख असतात म्हणून नव्हे. गावात राहणाऱ्यास भीड ही नुसती कल्पना नसते. ज्याने पंगत लहान केली, त्याच्या मुलीस उद्या स्थळ येईल की नाही, अडल्या वेळी भावकी धावून येईल की नाही, ही चिंता खरी असते. एकटा मनुष्य भिडेस झुगारू गेला, तर त्याची किंमत त्यास एकट्यास मोजावी लागते. म्हणून गरिबास 'तू एकटा धीट हो' असे सांगणाऱ्याने आधी आपल्या घरची पंगत लहान केली पाहिजे. भीड सर्वांनी मिळून उभी केली आहे; ती सर्वांनी मिळूनच मोडली पाहिजे, आणि मोडावयास आरंभ वरच्या पायरीवरून झाला पाहिजे. जो पाटील, जो शिक्षक, जो उपदेशक, ज्यास मोठा समारंभ परवडतो, तो जेव्हा लहान समारंभ करतो, तेव्हा त्याच्यामागे दहा गरीब बापांस मान ताठ ठेवून लहान समारंभ करता येतो. ही त्याने दिलेली मोठी देणगीच होय, आणि तीस एक पैसाही पडत नाही.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. काटकसर घरात कोणाच्या ताटात होते, हे पाहावे. पुष्कळ घरी पुरुषाची तंबाखू सुटत नाही, चावडीवरचा चहा सुटत नाही, आणि महिना आखडला म्हणजे काटकसर होते ती सर्वांच्या मागून जेवणाऱ्या स्त्रीच्या भाकरीत. तिचे दूध बंद होते, तिचे औषध लांबणीवर पडते, आणि मुलगा-मुलगी दोघे शिकत असतील तर मुलीची फी थांबते. ह्यास काटकसर म्हणू नये. जो खर्च करतो त्यानेच तो कमी करावा, हा पहिला न्याय आहे. दुसऱ्याच्या पोटावर बांधलेली काटकसर ही निव्वळ जुलूम होय, मग तिच्यामुळे पेटीत कितीही नाणी साठोत. घरातील हिशेब नवराबायकोने एकत्र बसून, दोघांच्या देखत करावा. म्हणजे चहापुडीचे पस्तीस दिवस कोणाच्या लक्षात आणून द्यावे लागणार नाहीत, ते आपोआप दिसतील.

येथे कोणी विचारील, 'मग जमविलेला पैसा जमवीतच राहावा काय?' नाही. काटकसर आणि कृपणता ह्या दिसण्यात सख्ख्या बहिणी आहेत, पण त्यांचे रक्त एक नाही. कृपण पैसा राखतो तो पैशासाठी. काटकसरी राखतो तो कशासाठी तरी. जॉन वेस्ली ह्यांनी आपल्या एका उपदेशात ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकीकत सांगितली आहे, आणि तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे समजले जाते. त्याचे उत्पन्न वर्षास तीस पौंड होते, तेव्हा तो अठ्ठावीस पौंडांत राही आणि दोन देऊन टाकी. पुढील वर्षी उत्पन्न साठ झाले, तेव्हाही तो अठ्ठावीसच पौंडांत राहिला आणि बत्तीस दिले. मग नव्वद झाले, मग एकशेवीस झाले. खर्च अठ्ठावीसच राहिला, आणि चौथ्या वर्षी ब्याण्णव पौंड गरिबांकडे गेले. आमच्यापैकी बहुतेकांचे उलट होते. उत्पन्न वाढले की गरजाही तितक्याच वाढतात, आणि देण्याचा आकडा मात्र जागचा हालत नाही. सर्वांनी वेस्लीसारखेच राहावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या पदरी लेकरे आहेत, त्याने त्यांच्या शिक्षणासाठी व दुखण्यासाठी आधी राखून ठेवावे. परंतु पगार वाढला म्हणजे गरजही वाढलीच पाहिजे, असा कोणताही नियम नाही, इतके ह्या उदाहरणावरून ध्यानी घ्यावे.

आता करावे काय? आमच्या मते चार गोष्टी प्रत्येक घरास करण्याजोग्या आहेत. बाजारास जाण्यापूर्वी यादी करावी, आणि यादीबाहेरची वस्तू आवडली तर ती पुढल्या बाजारापर्यंत थांबवावी; आठ दिवसांनीही ती हवीशी वाटली, तर मग घ्यावी. दुसरे, जी वस्तू हप्त्याने मिळते तिची एकंदर किंमत, व्याज व इतर आकार धरून, आधी कागदावर लिहावी आणि दिवसांत मोजावी. तिसरे, मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय २०१६ साली आली, आणि ती सोयीची खरीच. पण नोट हातातून जाताना जो चटका बसतो, तो बोट टेकविताना बसत नाही. म्हणून दररोज रात्री दिवसाचा खर्च वहीत हाताने लिहावा. चौथे, अडीअडचणीसाठी थोडी शिल्लक सावकाराकडे जाण्याची पाळी येण्यापूर्वीच असावी. आणि ती एकट्याने साठत नसेल, तर दहाजणांनी मिळून साठवावी. ह्याच तत्त्वावर बचत गट उभे राहिले आहेत. नाबार्डने ते बँकांशी जोडण्याचा उपक्रम १९९२ साली सुरू केला, आणि आज महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हजारो स्त्रिया ते चालवितात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्यांची पंचसूत्री आहे. ज्या बाईने ह्या गटात आपली थोडीथोडी शिल्लक टाकली, तिला मुलाच्या आजारात रात्री कोणाच्या ओटीवर जाऊन पदर पसरावा लागत नाही. आम्ही वर ज्यास मोकळेपणा म्हटले, तो हाच.

आणि पाचवी गोष्ट मंडळीने करावयाची आहे. पुढील लग्नसराई येण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी, स्त्रियांसही बरोबर घेऊन, एकत्र बसावे आणि लग्नात काय करावयाचे व काय करावयाचे नाही, हे सर्वांच्या संमतीने ठरवावे. पंगत किती, आहेर घ्यावयाचा की नाही, वाजंत्री कोणती, हे ठरले म्हणजे बापास लाज वाटण्याचे कारण राहात नाही. कारण मग तो कमी करीत नाही, तर ठरल्याप्रमाणे करतो. ह्या ठरावास पहिली सही उपदेशकाची, शिक्षकाची आणि गावातील खात्यापित्या घराची असावी. ती झाली नाही, तर गरिबाकडून सही मागू नये.

वाचकहो, आम्ही आपणांस आनंद कमी करावयास सांगत नाही. आपल्या घरात गाणे असावे, सणास गोडधोड असावे, पाहुण्यास पाट आणि पाणी असावे, लेकरांच्या हाती पुस्तक असावे. आम्ही कमी करावयास सांगतो ती केवळ भीड. कारण ती आपल्या घरी कधी जेवावयास येत नाही, दुखण्यात उशाशी बसत नाही, आणि हप्ता थकला म्हणजे तो भरावयासही येत नाही. तिच्यासाठी आपण उन्हातले दिवस विकू नयेत. ते दिवस आपले आहेत. आणि ते आपल्या माणसांसाठी, व आपल्याहून अडलेल्यासाठी, राखून ठेवावे, इतकेच आमचे मागणे आहे.